प्रसादाचा रकाना

सुट्टी असल्यामुळे वडगावातले माग त्या दिवशी बंद होते. एरवी खटखटाटात दोन माणसांना एकमेकांशी ओरडून बोलावं लागतं. पण समाजाच्या सभागृहात त्या सकाळी इतका कल्लोळ होता, की त्यापेक्षा माग परवडले असते.

व्यासपीठावर भगव्या गादीवर अळणीनाथ महाराज बसले होते. त्यांच्या शेजारी चौरंगावर एक काचेची चौकट होती, तिला झेंडूचा भरगच्च हार घातलेला. वसुधा मागच्या दाराने आत आली. देवाची तसबीर असेल म्हणून तिने सवयीने मान लववली, मग चष्मा पुसून नीट पाहिलं.

चौकटीत देव नव्हता. तिचा स्वतःचा अहवाल होता. एकच पान, खाली तिची सही आणि सहीवर कुंकू.

"मी सांगत न्हाय, आक्कांनो!" महाराज गरजले. "मी कोण? मी एक फाटकं पोतं. विज्ञान सांगतंय, विज्ञान! साठ दिवस झाले, ह्या गल्लीनं मिठाचा कण जिभेला लावला न्हाय. खरं का खोटं?"

"खरं!" सभागृह घुमलं.

"मीठ म्हंजे काय? समुद्राचा घाम! दुसऱ्याचा घाम कोण खातंय का?"

"न्हाय बा," पुढच्या रांगेतले एक आप्पा विचारात पडून म्हणाले.

"आन् डॉक्टर लोक काय भ्या घालतात? मीठ सोडलं की आयोडीन गेलं, आयोडीन गेलं की गळा सुजला, पोटातल्या पोराच्या डोक्याला धोका! वाच रं, काय लिवलंय?"

शिष्याने चौकट उचलून खड्या आवाजात वाचलं, "गल्लीतील महिलांमध्ये आयोडीनचे प्रमाण सरासरी पुरेसे आहे."

"पुरेसं हाय! मीठ न्हाय, तरी पुरेसं! मग आलं कुठनं? आभाळातनं गळलं?" महाराजांनी विभूतीची चिमूट वर धरली. "हितनं आलं! सात समुद्र आटवून बसवल्यात ह्या चिमटीत. गळ्याला लावा आन् निवांत ऱ्हावा."

बायकांचे हात नकळत गळ्याकडे गेले. सगळ्या गळ्यांवर राखेचे पांढरे पट्टे होते.

"आता आजची आज्ञा. ज्यांना गळ्याची गोळी चालू हाय, त्यांनी ती आजपासनं सोडायची. गोळी आन् विभूती म्हंजे दोन सवती. एका गळ्यात नांदत न्हाईत!"

हशा पिकला. तिसऱ्या रांगेतून जयाबाई उठल्या, कमरेच्या पिशवीतून थायरॉइडच्या गोळ्यांची छोटी पांढरी बाटली काढली आणि महाराजांच्या पायाशी ठेवली. त्यांची सून अंजनी खाली मान घालून बसली होती. पाचवा महिना तिच्या पदराआडून आता दिसू लागला होता.

वसुधा अजून मागच्या दाराशीच उभी होती. ती हळू बोलणारी बाई. वर्गातसुद्धा मागच्या बाकांना तिचा आवाज पोचत नाही. पण ती पुढे झाली.

"महाराज, तो अहवाल माझा आहे. सरासरीचा अर्थ…"

"ह्याच त्या मॅडम!" महाराजांनी टाळी वाजवली. "देवानंच धाडलं! हार आणा रं!"

पुढचं वाक्य वसुधाच्या तोंडातच राहिलं, कारण झेंडूचा हार डोक्यावरून उतरताना तिच्या चष्म्यात अडकला होता.

*

वसुधा टिळकवाडीत राहते आणि कॉलेजात जीवरसायनशास्त्र शिकवते. गेलं वर्षभर तिचं एक काम चालू होतं. आपल्याकडे मिठात आयोडीन घालतात, हे शाळेतल्या मुलालाही माहीत असतं. पण माणसाच्या अंगात पोचणाऱ्या आयोडीनपैकी किती घरच्या मिठातून येतं, किती दुधातून, किती बाहेरच्या खाऊतून, हे मोजल्याशिवाय कळत नाही. त्यासाठी तिने वडगावातल्या चाळीस बायका निवडल्या. घरचं मीठ तपासायचं, कालपासून काय काय खाल्लं ते तक्त्यात लिहून घ्यायचं आणि एक झाकणाची डबी देऊन लघवीचा नमुना न्यायचा. खाल्लेलं बहुतेक आयोडीन शेवटी तिथूनच बाहेर पडतं.

"आमचं मूत न्हिऊन तुमी काय करणार वो बाई?" जयाबाईंनी पहिल्या दिवशी विचारलं होतं.

"त्यात काय आहे ते बघणार."

"बघा बघा. सोनं घावलं तर निम्मं आमचं."

पहिल्या खेपेचा सरासरी आकडा आला एकशे साठ, म्हणजे लिटरमागे तेवढे मायक्रोग्रॅम आयोडीन. मग महाराज आले, शंभर दिवसांचं अळणी व्रत सुरू झालं आणि वसुधाने ठरवलं, चांगली संधी आहे, घरचं मीठ बंद झाल्यावर पुन्हा मोजू. व्रताच्या चाळिसाव्या दिवसाचा आकडा आला एकशे अठरा. घटला होता, पण शंभराच्या वर म्हणजे पुरेसा. तिला नवल वाटलं. तरी, ज्यांचं मोजलं त्यांना ते सांगायचं, हा तिचा नेम. तिने एक पान लिहून अंगणवाडीच्या दारावर चिकटवलं. तिथून ते चौकटीत गेलं.

मोजमाप खरं होतं. हीच तर अडचण होती. खोटं असतं तर खोडता आलं असतं.

*

सभा संपल्यावर वसुधा जयाबाईंच्या मागोमाग त्यांच्या घरी गेली. मुलगा उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला, तो पाळीवर गेलेला. घरात सासू-सुना दोघीच.

"जयाक्का, गोळी बंद करू नका."

"बसा की आधी." जयाबाईंनी चटई टाकली. "मॅडम, गेल्या साली हिचं तिसऱ्या म्हैन्यात गेलं. तवा कुणी सांगितलंतं, गळ्याची गाठ कमी काम करतीया म्हणून? सगळं झाल्यावर गोळी लिवून दिली. आता मी हिच्यासाठनं काय बी करायचं ठेवणार न्हाय. उपास म्हणा, विभूती म्हणा."

त्यांच्या आवाजात हट्ट नव्हता, भीती होती. भीतीशी वाद घालता येत नाही हे वसुधाला कळत होतं.

तिने पिशवीतून तक्ता काढला. चाळीस बायकांत सर्वांत खालचा आकडा अंजनीचा होता, चौतीस. आणि पोटुशी बाईला तर इतरांच्या दीडपट लागतं. पण एका वेळच्या लघवीवरून एका माणसाचं निदान करायचं नसतं, हे ती दरवर्षी पोरांना शिकवते. म्हणून आकडा न सांगता तिने नेहमीचा प्रश्न विचारला.

"अंजनी, काल सकाळपासून काय काय खाल्लंस?"

"भाकरी. अळणी आमटी. भात. काळा चहा दोनदा. दुधाचा वास सोसना झालाय."

"आणि तुम्ही, जयाक्का?"

"त्येच की. माझा चहा तेवढा दुधाचा."

तेच, आणि थोडं दूध. मग एकीचे चौतीस आणि दुसरीचे एकशे तीस कसे? एवढा फरक दोन कप चहाचा नव्हता. वसुधा तक्त्याकडे बघत राहिली. भाकरीचा रकाना, आमटीचा, दुधाचा, माशाचा, लोणच्याचा, बेकरीच्या टोस्टचा. तेरा रकाने, सगळे रीतसर भरलेले.

"बरं, हे घ्या," जयाबाईंनी कागदाची पुडी पुढे केली. "रिकाम्या तोंडानं जाऊ नका. प्रसाद हाय."

पुडीत चिरमुरे होते.

वसुधाने एक चिरमुरा जिभेवर ठेवला. मग दुसरा. "हा रोज मिळतो?"

"सकाळी एक पुडी, संध्याकाळी एक."

"आणि तुम्ही तो खाता?"

"खाऊ न्हाय तर काय! खरं सांगू? अळणी आमटी घशाखाली उतरत न्हाय वो. मग कांदा चिरायचा, मिरची चिरायची, ह्यात कालवायचं आन् मापटंभर हाणायचं. सगळी गल्ली त्याच्यावरच जगतीया."

"मग मी विचारलं तेव्हा हे का नाही सांगितलंत?"

जयाबाई तिच्याकडे बघतच राहिल्या. एवढी शिकलेली बाई, आणि हे ठाऊक नाही! "अवो, तुमी खाल्लेलं विचारलासा. प्रसाद काय जेवणात धरत्यात व्हय?"

चाळीस बायका, व्रतातले चाळीस तक्ते. आणि एकीनेही चिरमुऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. खोटं कुणीच बोललं नव्हतं. वसुधाने तो रकानाच ठेवला नव्हता.

"आणि तू गं, अंजनी?"

अंजनी उठली. माडीच्या जिन्याखालून एक पत्र्याचा डबा ओढत आणला आणि झाकण काढलं. आत पुड्याच पुड्या, काठोकाठ.

"मला वासानंच उमळतंय," ती रडवेली झाली. "टाकायचा कसा, प्रसाद हाय. म्हणून ठेवत गेलो, आत्ती."

"अगं भवाने!" जयाबाईंनी कपाळावर हात मारला. "दोन म्हैनं प्रसाद न्हाय खाल्लास? मग विभूती लागू हुईल कशी?"

"जयाक्का," वसुधा म्हणाली, "निम्मं तुमचं बरोबर आहे."

तिने पिशवीतून थेंबाची छोटी बाटली काढली. "आठवते? पहिल्या दिवशी तुमच्या मिठावर हिचा थेंब टाकला होता."

"व्हय. निळं झालंतं. निळं म्हंजे आयोडीन हाय."

वसुधाने बशीत चार चिरमुरे ठेवले आणि एकेक थेंब टाकला. पांढऱ्या चिरमुऱ्यावर शाई सांडावी तसा निळा डाग उमटला.

जयाबाईंनी हात जोडले. "बघा! महाराजांची किमया!"

वसुधाला हसू आलं आणि रडूही. "किमया महाराजांची की भट्टीवाल्याची, ते बघून येऊ या का?"

*

उचगावच्या वाटेवर गुंडूअण्णाची चिरमुऱ्याची भट्टी आहे. महाराजांची पोती तिथूनच यायची. तापलेल्या वाळूत तांदूळ पडत होते आणि डोळ्यांदेखत टरारून फुलत होते. स्कूटरवरून उतरलेल्या दोन बायका बघून गुंडूअण्णाने झारा थांबवला.

"अण्णा, चिरमुऱ्यात मीठ असतं का?" वसुधाने विचारलं.

"मॅडम, डोकं ठिकाणावर हाय न्हवं?" मग तो जरा ओशाळला. "म्हंजे तसं न्हवं. मीठपाणी चोळल्याबिगर तांदूळ फुलंल कसा नीट? माझ्या आज्ज्यापासनं चोळत्यात."

"चिरमुऱ्यात मीठ?" जयाबाई म्हणाल्या. "काय सांगतोस रं? चिरमुऱ्याची चवच तशी असती की!"

"मिठाचीच चव असती ती, आक्का. लहानपणापासनं खाल्ल्यामुळं तुला कळत न्हाय."

"कुठलं मीठ वापरता?"

त्याने कोपऱ्यात बोट दाखवलं. दुकानात मिळणाऱ्या आयोडीनच्या मिठाच्या पुड्यांची चळत होती. "पयलं खडं मीठ आणायचो. ह्ये पटकन विरघळतंय."

जयाबाईंनी एक पुडी उचलून उलटसुलट बघितली. मग मान हलवली. "असंल मीठ. पण महाराजांच्या हातानं त्याचं मीठपण जात असंल, नुसतं आयोडीन ऱ्हात असंल."

वसुधा चिडली नाही. शंका रास्त होती, आणि रास्त शंका तपासता येते. "मग तुम्हीच परीक्षा घ्या, जयाक्का. अण्णा दोन पोती करतील. एक नेहमीच्या मिठाचं. दुसरं सैंधवाचं, मी वाटेत घेतलंय, त्यात आयोडीन नाही, आधी थेंब टाकून बघा. दिसायला, चवीला दोन्ही सारखीच. ज्यात आयोडीन नाही त्यावर महाराजांनी हात ठेवायचा. दुसऱ्याला शिवायचं नाही."

जयाबाईंनी सैंधवावर थेंब टाकून बघितला. पांढरंच राहिलं. कोरडा तांदूळही तपासला, तोही पांढराच. मग त्या भट्टीसमोरून हलल्या नाहीत. पोती भरली तेव्हा त्यांनी मागाच्या सुताने स्वतः तोंडं शिवली, मिठाच्या पोत्याला तांबडं सूत, सैंधवाच्या पोत्याला हिरवं. विणकराची गाठ, सुटली तर कळते.

"गुरुवारी सभा हाय," त्या स्कूटरवर बसताना म्हणाल्या. "महाराजांचं खोटं निघालं तर गोळी मी माझ्या हातानं देतो हिला. खरं निघालं, तर तुमी पुन्ना माझ्या दारात यायचं न्हाय, बाई."

"चालेल. पण उद्या अंजनीचं रक्त तपासू द्या. नुसतं तपासू."

त्याला जयाबाई हो म्हणाल्या. बुधवारी वसुधा जयाबाईंकडे असतानाच दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला. अंजनीची थायरॉइडची गाठ फार मंदावली होती. गोळी असतानाच्या दिवसांतसुद्धा आयोडीनची उपासमार झाली होती, आणि आता गोळीही नाही. "एक दिवसही थांबू नका," त्या म्हणाल्या. जयाबाईंनी ऐकून घेतलं आणि त्या नुसतं म्हणाल्या, "उद्या."

त्या रात्री वसुधाला झोप लागली नाही.

*

गुरुवारी सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. जयाबाईंनी दोन्ही पोती चौरंगापुढे ठेवली.

"महाराज, एक मागणं हाय. ह्या हिरव्या सुताच्या पोत्यावर विभूती टाका. तांबड्याला शिवू नका."

"का गं आक्का, तांबडं सावत्र हाय?" महाराज खुशीत होते. त्यांनी डोळे मिटले, ओठ हलवले, हिरव्या पोत्यावर चांगली तीन चिमटी विभूती उधळली आणि फुंकर मारली. "सात समुद्र उतरले! आता ह्याचा एक दाणा म्हंजे एक म्हैन्याचं आयोडीन!"

"उतरले न्हवं नक्की?"

"तुला ऐकू न्हाई आली लाट?"

जयाबाईंनी दोन्ही पोत्यांची सुतं तोडली. दोन पांढऱ्या बश्यांत मूठमूठ चिरमुरे काढले. वसुधाच्या हातातून बाटली घेतली.

हिरव्या पोत्यातल्या चिरमुऱ्यावर थेंब पडला. पांढरा तो पांढराच. दुसरा थेंब. तिसरा. ओला झाला, एवढंच.

तांबड्या पोत्यातल्यावर थेंब पडला. निळा डाग फुटला.

त्यांनी दोन्ही बश्या उंच धरल्या. ज्यावर सात समुद्र उतरले होते ती कोरी, आणि ज्याला कुणी शिवलं नव्हतं ती निळी.

"हा… गुप्त रूपात असतंय," महाराज म्हणाले. "शिवाय, फुंकर मारताना वारं जरा तांबड्याकडं होतं."

"पंखा बंद हाय, महाराज," मागून कुणीतरी म्हणालं.

तेवढ्यात पोती आणून दाराशी उभा असलेला गुंडूअण्णा पुढे सरकला. डोकं खाजवत म्हणाला, "महाराज, आता विषय निघालाच हाय म्हणून विचारतो. गेल्या म्हैन्यात तुमचा ह्यो माणूस भट्टीवर आलता. लोकं प्रसाद कमी घ्याल्यात, मीठ जरा वाढवा, म्हणून सांगून गेलता. मी वाढवलं. ते कशापायी?"

सगळ्यांच्या माना शिष्याकडे वळल्या. शिष्य चौकटीमागे होता.

"म्हंजे," पुढच्या रांगेतले आप्पा हळूहळू उठले, "समुद्राचा घाम आमाला तुमीच चारलासा की वो! आन् आमी घरात बिनमिठाची आमटी गिळायलोय!"

मग जो गोंधळ झाला, त्यात महाराजांनी तिथल्या तिथे मौनव्रत जाहीर केलं, बोलूनच. गाडी मागच्या दाराशी उभी होती. चौकट मात्र घाईत राहिली.

वसुधाने ती उचलली, हार काढला आणि सगळ्यांकडे तोंड करून उभी राहिली. या वेळी गल्लीच गप्प झाली, त्यामुळे तिचा आवाज पोचला.

"या पानावर लिहिलेलं खोटं नाही, पण अर्धवट आहे, आणि ती चूक माझी. तुमच्या अंगात आयोडीन होतं ते बहुतेक मिठाचंच. घरचं मीठ बंद झालं आणि चिरमुऱ्यातून दुसऱ्या दाराने आत आलं. थोडं दुधातून, टोस्टमधून आलं. विभूतीतून काही आलं नाही. मी सगळं विचारलं आणि प्रसाद विचारायचा राहिला.

"दुसरं, सरासरी. गल्लीत चाळीस माग आहेत, एकोणचाळीस चालू आणि एक बंद. सरासरी कापड पुरेसं निघतं. पण ज्याचं पोट त्या बंद मागावर आहे, त्याला सरासरी विचारून काय उपयोग? जिने व्रत सगळ्यांत खरं पाळलं, तिचंच सगळ्यांत नुकसान झालं."

तिने नाव घेतलं नाही. जयाबाईंनी चौरंगाशी वाकून, फुलांच्या ढिगातून ती छोटी पांढरी बाटली शोधून काढली, पदराने पुसली आणि अंजनीचा हात धरला.

*

पुढे अंजनीची गाठ गोळीने आणि मिठाने हळूहळू ताळ्यावर आली. सातव्या महिन्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाळाची वाढ ठीक दिसते आहे, पण जन्मल्यावर त्याचीही तपासणी करू. त्यांनी "काळजीच नको" असं म्हटलं नाही. ज्याला खरंच ठाऊक असतं, तो सहसा तसं म्हणत नाही. सात समुद्रांची हमी फक्त महाराज देतात.

नवल वाटलं तर हात जोडायला कुणाची मनाई नाही. पण त्याआधी विचारावं, हे आलं कुठून? दुसऱ्या कुठल्या वाटेने आलं असेल का? ते नसताना करून बघितलं का? हे विचारायला पदवी लागत नाही. जयाबाईंना दोन पोती आणि दोन रंगांचं सूत पुरलं.

वसुधा तिसऱ्या खेपेला आली, तेव्हा तिच्या तक्त्यात चौदावा रकाना होता, 'प्रसाद'. गल्लीतल्या बायका आता तिला हसून सगळंच सांगतात, अगदी शेजारणीकडे चाखलेलं लोणचंसुद्धा.

जयाबाई सुनेला वाढत होत्या. ताट पुढे घेतलं आणि भातावर आमटी घालण्याआधी, वरच्या बाजूला मधोमध, पानात पहिल्यांदा वाढायचं ते वाढलं.

"हं, लिवा, मॅडम," त्या मान वर न करता म्हणाल्या. "मीठ. एक चिमूट. माझ्या हातानं."